खाली आईचा शेरा

संकेतस्थळ बंद होत असल्याची मेल आली तेव्हा मी भेंडी चिरत होतो. आपापलं लेखन उतरवून घ्यावं, महिनाअखेरीनंतर पानं दिसणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. लिहिणारा सभ्य आणि दमलेला वाटला. मला त्याचा राग आला नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना फुकट पान देणारी ती हौशी जागा होती, आणि हौस संपली की दुकान बंद होतंच. मी उरलेली भेंडी चिरली, हात पुसले, आणि मग एकदम काळजात धस्स झालं. माझी आई त्या पानांवर होती.

हे नीट सांगायला हवं. मी मुलुंड पूर्वेला, मिठागराच्या बाजूला, दोन खोल्यांच्या घरात राहतो. एकटा. नोकरी एका निमसरकारी कार्यालयात मराठी टंकलेखकाची केली आणि तिथूनच निवृत्त झालो. लग्न केलं नाही. का, ते विचारणारे आता उरलेले नाहीत, म्हणून सांगतही नाही. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर गोरेगावच्या एका स्टुडिओत वॉचमन झाले आणि तिथली चार नटमंडळी पाहून समाधानाने वारले. मग घरात मी आणि आई राहिलो.

ब्लॉग सुरू केला तेव्हा त्याला काही शहाणी माणसं ‘अनुदिनी’ म्हणायची. आई त्याला ‘तुझा ता पान’ म्हणायची. मी लिहायचो काय, तर सोसायटीची लिफ्ट, बाजारातले बांगडे, ऑफिसातला पंखा, मनोरीला खाडीतल्या तरीने गेलो त्या दिवसाचं ऊन. कुणाचं भलंबुरं होईल असं त्यात काही नव्हतं. पण लिहून झालं की मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईला वाचून दाखवायचो. तिला वाचता येत होतं, पण डोळ्यांना पडद्याचा त्रास व्हायचा. ती तांदूळ निवडत किंवा मासे साफ करत ऐकायची आणि शेवटी एक वाक्य बोलायची. ते वाक्य मी आहे तसं, तिच्या मालवणीतच, मजकुराखाली टाइप करायचो. वर लिहायचो, ‘आईचा शेरा’. फाइलवर साहेबाचा शेरा असतो तसा.

पहिला शेरा मला तोंडपाठ आहे, कारण तो झोंबला होता. मी बाजारावर चांगलं पानभर लिहिलं होतं. आई म्हणाली, “इतकी लांबण कित्याक? बांगडे महाग झाले, ह्या एका वळीत सांगूक येता.”

वाचकांना हेच आवडलं. माझा मजकूर सोडून लोक थेट खाली उतरायचे. कुणी लिहायचं, आजींशी सहमत. कुणी लिहायचं, आजींचाच वेगळा ब्लॉग काढा. मला थोडा रागही यायचा. नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला प्रतिक्रिया वाचून दाखवायचो आणि ती पदराने तोंड पुसत हसायची. “खुळे आसत लोक,” असं म्हणून पुन्हा विचारायची, “आनी काय म्हणतत?” त्या वेळी आमच्याकडे पाहुणे असे फारसे कुणी येत नसत. माझा स्वभाव माणूसघाणा म्हणून, आणि तिचे गुडघे गेले होते म्हणून. ती माणसं म्हणजे तिचे पाहुणेच होते, फक्त त्यांना चहा विचारता येत नव्हता.

आईचा आवाज माझ्याकडे नाही. तेव्हाच्या माझ्या फोनमध्ये आवाज साठवायची सोय होती की नव्हती तेही मला माहीत नाही, मी कधी बघितलंच नाही. फोटो आहेत, पण फोटोत ती गप्प बसलेली असते आणि आयुष्यात ती कधी गप्प बसली नाही. तिचं बोलणं कुठे उरलं असेल तर त्या शेऱ्यांमध्ये. ते गेले असते तर मग काही राहिलं नसतं. म्हणून धस्स झालं.

फाइल उतरवून घ्यायला काही अक्कल लागली नाही. एक बटण दाबलं आणि सगळी वर्षं खाली आली. उघडून पाहिलं तर शेवटच्या काही वर्षांचं, म्हणजे आई गेल्यानंतरचं माझं एकट्याचं लेखन स्वच्छ दिसत होतं. वेलांटी न वेलांटी जागेवर. आणि आई होती तेव्हाचं सगळं इंग्रजी अक्षरांचा कचरा झालेलं. मधे स्वल्पविराम, कंस, टक्क्याची खूण. जिथे ‘आई’ असायला हवं तिथे व्ही, के, बी, झेड. संकेतस्थळावर जाऊन बघितलं तर तिथेही तेच. किती दिवस तसं होतं कोण जाणे. जुनी पानं उघडायची मला हिंमत होत नसे, त्यामुळे मी वर्षानुवर्षं तिकडे फिरकलोच नव्हतो.

मी भाचीला बोलावलं. ही बहिणीची मुलगी, पवईला कसल्याशा ऑफिसात असते. रविवारी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “मामा, घोडं कुठे पेंड खातंय दाखव.” मी दाखवलं. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“तू हे कुठल्या फॉन्टमध्ये लिहिलंस रे?”

“ऑफिसातल्या.”

“ऑफिसातल्या म्हणजे?”

म्हणजे असं, की आमच्या कार्यालयात टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले तेव्हा दादरच्या कुणा माणसाने फ्लॉपीवर एक फॉन्ट करून दिला होता. दोनचार सोडल्या तर कळा टाइपरायटरच्याच, त्यामुळे आम्हा जुन्या टंकलेखकांना नवीन काही शिकावं लागलं नाही. तो मी घरी आणला. पुढे युनिकोड आलं. सगळं जग तिकडे गेलं, ब्लॉगवरची तरुण मुलं मला कळकळीने सांगत होती, काका, बदला, पुढे वाचता येणार नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. माझी बोटं ज्या कळांवर बसली होती तिथून उठायला तयार नव्हती, आणि बोटांच्या जिवावर मी पोट भरलं होतं. आई गेल्यावर तो कॉम्प्युटर बिघडला, फॉन्ट त्याच्यातच गेला, नवा घेतला, आणि मग नाइलाजाने बदललो.

“म्हणजे खरं तर हे मराठी नाहीच,” भाची म्हणाली. “इंग्रजी अक्षरंच आहेत. संकेतस्थळाने वरून तुझ्या फॉन्टचा मुखवटा चढवला होता. मुखवटा गेला, झालं.”

तिने इंटरनेटवर एक रूपांतर करणारं यंत्र शोधलं. जुना फॉन्ट घाला, नवी मराठी काढा. निघालं ते अर्धं मंत्र आणि अर्धं भांडण. दादरवाल्याने चार अक्षरं आपल्या मर्जीने इकडची तिकडे केली होती, आणि त्याचं दुकान कधीच बंद पडलं होतं. “वाट लागली यार,” असं म्हणून भाची मला वाईट वाटू नये म्हणून जरा जास्त वेळ बसली. मग तिला जायचं होतं. जाताना म्हणाली, “जाऊ दे ना मामा. तुला आठवतंय ना आजी कशी बोलायची? तेच खूप आहे.”

ती गेल्यावर मला तिचा राग आला. आठवण आणि शब्द एकच असते तर ऑफिसात कुणी फाइली ठेवल्या नसत्या.

त्या संध्याकाळी मी पडद्यावरच्या त्या कचऱ्याकडे नुसता बघत बसलो होतो. आणि माझ्या लक्षात आलं, की टेबलावर माझी बोटं हलतायत. व्ही, के, बी, झेड. डाव्या हाताची करंगळी खाली, उजव्याचं मधलं बोट. डोळ्यांना ती इंग्रजी अक्षरं होती, पण बोटांना ती कळांची जागा होती, आणि त्या जागी माझ्या बोटांनी जन्मभर मराठी ठेवलेलं होतं. मी हसलो. घरात एकट्याने मोठ्याने हसलं की आपलंच हसणं आपल्याला दचकवतं.

भाचीला फोन केला. तिने फोनवरूनच सांगून लॅपटॉपवर टाइपरायटरचा कळफलक चालू करवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी बसलो. डावीकडे कचरा, उजवीकडे कोरं पान. डावीकडे जी अक्षरं दिसतील त्या कळा दाबायच्या. उजवीकडे मराठी उमटायचं. दादरवाल्याने हलवलेली अक्षरं कुठली ते बोटांना ठाऊक होतं, मला विचारावंच लागलं नाही. पहिली ओळ पुरी झाली आणि उजवीकडे लिहिलेलं होतं, लिफ्ट पुन्हा बंद. आणि खाली आई: “बंद आसा तर जिन्यान चल. लिवण्यासारख्या काय आसा त्येच्यात?”

मला रडू आलं. उगाच लपवत नाही.

मग रोज तेच. सकाळची कामं उरकून बसायचं, जेवणाला उठायचं, ऊन खाली गेलं की एक फेरी मारून यायचं. लवकरच मी माझा मजकूर सोडून द्यायला लागलो आणि फक्त शेरे उतरवू लागलो. माझ्या लिफ्टा आणि पंखे गेले तरी चालणार होते. घरात दिवसभर कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटायचं. शेजारच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, “काय काका, हल्ली खुशीत दिसता?” मी म्हटलं, आई आलीय. त्यांनी जरा चमकून बघितलं आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

इथे टंकलेखकाबद्दल एक गोष्ट सांगतो. चांगला टंकलेखक मजकूर वाचत नाही. वाचला की चुका होतात. कागद डोळ्यांतून शिरतो आणि बोटांतून बाहेर पडतो, मधे डोक्यात थांबत नाही. लोकांना खरं वाटत नाही, पण माझ्या स्वतःच्या अंधेरीच्या बदलीचा आदेश मीच टाइप केला होता. प्रती काढल्या, सहीला ठेवला, आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, “अंधेरीला चाललात म्हणे साहेब, पार्टी द्या.” मी त्याला म्हटलं, कोण म्हणतं? ऑफिसात हा किस्सा माझ्या निवृत्तीपर्यंत सांगत होते आणि मीही हसत होतो.

तर असाच एक शेरा समोर आला. मजकूर माझा, पवईच्या तलावावर कमळं कमी झाली असा काहीतरी. खालचा शेरा नेहमीपेक्षा बराच लांब. प्रतिक्रिया मात्र साध्या वाचता येत होत्या, कारण वाचकांनी त्या शहाणपणाने युनिकोडमध्ये लिहिल्या होत्या. ‘हो आजी.’ ‘नक्की आजी, शब्द दिला.’ ‘तुम्ही काळजी करू नका.’ एकजण म्हणत होता, ‘आजी, डोळ्यांत पाणी आणलंत.’ कमळांवरून कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं? मला त्या दिवसाचं काहीच आठवेना. मी टाइप करायला लागलो, आणि या वेळी प्रत्येक शब्द पुरा झाला की थांबून वाचला.

“तुमी जे कोण वाचतास, ते येकदा घराक येवा. चाय करतंय. माझो झील एकटो आसा. बोलता कमी, पण मनान वायट नाय. माझ्या मागारी ह्येका कोण नाय. ह्यो आपणहून बोलावचो नाय, तुमीच येवा.”

ती हे बोलली. दारात मी उभा होतो, मग कॉम्प्युटरपाशी बसलो, ती आतून एकेक वाक्य सांगत गेली असेल, आणि मी ते अक्षर न चुकता टाइप केलं. माझ्याबद्दलचंच. माझ्या बदलीच्या आदेशासारखं. प्रतिक्रिया आल्या त्या मी तिला वाचूनही दाखवल्या असतील, ‘हो आजी, नक्की आजी’, आणि मला वाटलं असेल की चहाचं चाललंय. तिने त्या दिवशी “आनी काय म्हणतत?” असं विचारलं असेल तेव्हा तिला काय ऐकायचं होतं, हे मला आता कळत होतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथे कुणी नव्हतं. ओटा, गॅस, पालथी घातलेली एक ताटली. मला फार एकटं वाटलं. आई गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा माणसं होती, सामान होतं, दिवस घालायचे होते. ती जिवंत असताना तिला माझी ही काळजी होती, आणि ती तिने मला न सांगता, माझ्याच हातून, परक्या माणसांना सांगितली होती. मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, माझं छान चाललंय.

परत येऊन बसलो आणि त्या प्रतिक्रिया खालपर्यंत सरकवल्या. अगदी शेवटच्या दोन प्रतिक्रिया वेगळ्या काळातल्या होत्या. आई जाऊन बरेच दिवस झाल्यानंतरच्या. लिहिणारी जुनी वाचक होती. तिचं टोपणनाव मला ओळखीचं होतं, पूर्वी ती नेहमी आईच्या बाजूने भांडायची. तिने लिहिलं होतं, ‘काका, आजींनी सांगितलं होतं म्हणून विचारते. एखाद्या रविवारी चहाला येऊ का? मी घाटकोपरलाच असते.’

आणि त्याच्याखाली, काही आठवड्यांनी, तिनेच: ‘नसेल जमत तर राहू द्या काका. सहज विचारलं.’

जुन्या पानांवर कोण काय लिहितं ते मी तेव्हा बघत नव्हतो. घाटकोपर म्हणजे इथून काही फार लांब नाही. ती मुलगी, आता मुलगी कसली, बाई असेल, उत्तराची वाट बघून गप्प बसली होती, आणि मी या खोलीत बसून पंख्यावर लिहीत होतो आणि वाचक का गळाले म्हणून हळहळत होतो.

संकेतस्थळ बंद व्हायला थोडे दिवस होते. मी तिच्या वाक्यांखाली उत्तर लिहिलं. वरातीमागून घोडं, पण लिहिलं. आधी लांबलचक लिहिलं, उशिराबद्दल माफी, फॉन्टची कथा, सगळं. मग आईचा पहिला शेरा आठवला आणि सगळं पुसून टाकलं. लिहिलं, ‘या. कुठल्याही रविवारी या. मी घरीच असतो.’ खाली घराचा पत्ता दिला, मिठागराकडून येताना कुठे वळायचं ते सांगितलं, आणि लिफ्टच्या भरवशावर राहू नका हेही.

उरलेले दिवस मी शेरे उतरवत होतो आणि मधून मधून ते पान ताजं करून बघत होतो. उत्तर आलं नाही. तिने ते पाहिलं असेल, नसेलही. माणसं टोपणनावं विसरतात, मेलचे पत्ते बदलतात, घाटकोपर सोडून जातात. सगळे शेरे उतरवून झाले तेव्हा महिना संपत आला होता. एका सकाळी पान उघडलं तर तिथे संकेतस्थळाच्या मालकाची चार ओळींची कृतज्ञता होती आणि बाकी पांढरं.

शेऱ्यांच्या मी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढून घेतल्या आहेत. एक भाचीला दिली. तिने ती माझ्यासमोर उभ्या उभ्या वाचली, मग बसली, आणि हल्ली ती दर एक-दोन दिवसांनी फोन करते. काम नसलं तरी करते. बोलायला आम्हा दोघांनाही फार काही सुचत नाही. “जेवलास ना?” “हो, तू?” एवढंच होतं.

मी आता ब्लॉग लिहीत नाही. दुसरीकडे पान मिळेल, पण वाचून दाखवायला दारात उभं राहायचं कुणासाठी? आई गेल्यावर एकदोनदा मी तिचा शेरा आपल्या मनाने लिहून बघितला होता. व्याकरण बरोबर यायचं, आई यायची नाही. ते तेव्हाच काढून टाकलं.

रविवारी मात्र मी दुधाची एक पिशवी जास्त घेतो. दुपारी झोपत नाही, कुठे जात नाही. चांगले कप पुढे काढून ठेवतो. संध्याकाळ झाली की ते परत आत जातात आणि सोमवारी उरलेल्या दुधाचं दही लावतो. दही इतकं होतं, की थोडं शेजारच्या बाईंना नेऊन द्यावं लागतं. त्या वाटी कधी रिकामी परत करत नाहीत.

आणि खाली वॉचमनला सांगून ठेवलं आहे, की माझ्याकडे कुणी आलं तर नाव वगैरे विचारत बसू नकोस, सरळ वर पाठव. तो दर रविवारी विचारतो, “काका, कौन आनेवाला है?”

मी सांगतो, आईच्या ओळखीचं कुणीतरी आहे.